मोनोक्लोनल रक्तविकार : निदानाच्या पहिल्या पायरीवरील आव्हान

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. आयुर्मानातील ही वाढ सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील मोठे यश होय. मात्र या यशाबरोबर रोगांचे स्वरूपही पालटले आहे. संसर्गजन्य रोगांच्या जोडीला उतारवयात उद्भवणारे असंसर्गजन्य रोग आरोग्ययंत्रणेसमोर उभे राहिले आहेत. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांची चर्चा वारंवार होते. तुलनेने अपरिचित असलेला, परंतु वेळेवर न ओळखल्यास मूत्रपिंडे निकामी करणारा किंवा रुग्णाला कायमचे अंथरुणाला खिळवणारा एक रोगसमूह मात्र या चर्चेबाहेर राहतो. मोनोक्लोनल रक्तविकार हा तो समूह होय.

या विकारांवर प्रगत उपचार मोठ्या रुग्णालयांत होतात. परंतु रुग्ण प्रथम जातो तो गावातील किंवा मोहल्ल्यातील सामान्य डॉक्टरांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा तालुक्याच्या रुग्णालयात. तेथे शंका आली तरच पुढची वाट मोकळी होते. म्हणूनच या विकारांचे स्वरूप, त्यांची लक्षणे, सामान्य वैद्यकीय व्यवसायातील निदानाची पद्धत आणि त्यासंबंधीची शासकीय व्यवस्था यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोनोक्लोनल म्हणजे काय?

मानवी शरीराच्या संरक्षणव्यवस्थेत अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींना महत्त्वाचे स्थान आहे. या पेशी प्रतिपिंडे, म्हणजेच इम्युनोग्लोब्युलिन नावाची प्रथिने तयार करतात. प्रत्येक प्रतिपिंडाच्या रेणूत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. जड साखळीच्या प्रकारावरून प्रतिपिंडांचे आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीडी आणि आयजीई असे पाच वर्ग पडतात. हलक्या साखळीचे कॅपा आणि लॅम्डा असे दोनच प्रकार आहेत. प्रतिपिंडांची ही रचना उलगडल्याबद्दल जेराल्ड एडेलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

निरोगी शरीरात प्लाझ्मा पेशींचे असंख्य वंश असतात आणि प्रत्येक वंश वेगळे प्रतिपिंड तयार करतो. संसर्ग झाला की अनेक वंशांतील पेशी एकाच वेळी कामाला लागतात व रक्तातील प्रतिपिंडांचे एकूण प्रमाण वाढते. या वाढीला पॉलिक्लोनल, म्हणजे बहुवंशी वाढ म्हणतात. याउलट एकाच पेशीपासून निर्माण झालेला वंश नियंत्रण सोडून वाढू लागला, तर रक्तात एकाच साच्याचे प्रथिन मोठ्या प्रमाणात जमा होते. ही मोनोक्लोनल, म्हणजे एकवंशी वाढ होय. या प्रथिनाला एम-प्रथिन असे संबोधले जाते. बहुवंशी आणि एकवंशी वाढीतील हा फरक स्वीडिश वैद्य यान वाल्डनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी स्पष्टपणे मांडला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या रोगसमूहाचा इतिहास एका साध्या निरीक्षणापासून सुरू होतो. १८४५ मध्ये लंडनमधील एका रुग्णाला तीव्र हाडदुखी होती. त्याच्यावर उपचार करणाऱ्या थॉमस वॉटसन आणि विल्यम मॅकिंटायर या डॉक्टरांना त्याच्या लघवीत एक चमत्कारिक पदार्थ आढळला. लघवी तापवली की तो गोठे, उकळत्या अवस्थेकडे नेली की विरघळे आणि निवल्यावर पुन्हा दिसू लागे. हे नमुने रसायनतज्ज्ञ वैद्य हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे पाठवले गेले व त्यांनी त्या पदार्थाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे तो पदार्थ बेन्स जोन्स प्रथिन या नावाने ओळखला जाऊ लागला. हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाच्या सुट्या हलक्या साखळ्या होत, हे मात्र १९६२ मध्ये सिद्ध झाले.

१९३७ मध्ये आर्ने टिसेलियस यांनी विद्युत्क्षेत्राच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची इलेक्ट्रोफोरेसिस ही पद्धत विकसित केली. त्यांना १९४८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एम-प्रथिन शोधण्याचे प्रमुख साधन आजही हीच पद्धत आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रॉबर्ट काइल यांनी रक्तात एम-प्रथिन असूनही रोगाची लक्षणे नसलेल्या अवस्थेला ‘अनिश्चित महत्त्वाची मोनोक्लोनल गॅमोपॅथी’ असे नाव दिले. तिच्या इंग्रजी नावाचे लघुरूप एमजीयूएस असे आहे.

रोगसमूहाची पायरीवार रचना

मोनोक्लोनल विकार हा एक रोग नसून ती एक साखळी आहे. तिच्या पायऱ्या समजून घेतल्यास निदान आणि व्यवस्थापन दोन्ही सुलभ होतात.

पहिली पायरी एमजीयूएस ही होय. यात एम-प्रथिन प्रति डेसिलिटर ३ ग्रॅमपेक्षा कमी, अस्थिमज्जेतील विकृत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी आणि कोणत्याही अवयवाला इजा नाही, अशी स्थिती असते. अमेरिकेतील ओल्मस्टेड परगण्यातील २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० वर्षांवरील सुमारे ३ टक्के आणि ७० वर्षांवरील सुमारे ५ टक्के लोकांमध्ये ही अवस्था आढळली. तिचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका वर्षाला सुमारे १ टक्का असतो. म्हणजेच बहुसंख्य व्यक्तींना या अवस्थेमुळे आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही.

दुसरी पायरी धुमसत्या मायलोमाची होय. येथे एम-प्रथिन ३ ग्रॅम किंवा त्याहून अधिक, अथवा प्लाझ्मा पेशी १० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असतात. परंतु अवयव अद्याप सुरक्षित असतात. पहिल्या पाच वर्षांत रूपांतराचा धोका दरवर्षी सुमारे १० टक्के असतो.

तिसरी पायरी मल्टिपल मायलोमा या कर्करोगाची. जगभरात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे १ लाख ८८ हजार नवे रुग्ण नोंदवले गेल्याचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांत निदानाच्या वेळी रुग्णांचे वय साधारणपणे सत्तरीच्या जवळपास असते. भारतातील रुग्णालयांच्या नोंदींमध्ये मात्र ते सुमारे एका दशकाने कमी आढळते. म्हणजे आपल्याकडे अनेकदा घरातील कमावती व्यक्तीच आजारी पडते. या रोगाची सामाजिक व आर्थिक झळ त्यामुळे अधिक तीव्र ठरते.

या मुख्य साखळीच्या बाजूला आणखी दोन विकार आहेत. आयजीएम वर्गाचे प्रथिन तयार करणाऱ्या पेशी वाढल्यास वाल्डनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया होतो. त्यात रक्त घट्ट होऊन नाकातून रक्तस्राव, अंधुक दृष्टी व डोकेदुखी अशी लक्षणे दिसतात. हलक्या साखळ्या हृदय, मूत्रपिंड, मज्जातंतू अशा अवयवांत साचल्यास अमायलॉइडोसिस होतो. त्यात पायांवर सूज, दम लागणे, जीभ मोठी होणे, डोळ्यांभोवती जांभळे डाग येणे ही लक्षणे आढळतात. पेशींची संख्या कमी असूनही हा विकार प्राणघातक ठरू शकतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

वाढते वय हा या विकारांचा सर्वांत मोठा धोका घटक होय. पुरुषांमध्ये, लठ्ठ व्यक्तींमध्ये आणि जवळच्या नातेवाइकांना हा विकार असलेल्यांमध्ये प्रमाण काहीसे अधिक असते. अमेरिकेतील अभ्यासांत कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्या पुरुषांमध्ये एमजीयूएसचे प्रमाण अधिक आढळले आहे. कृषिप्रधान देशाने या निष्कर्षाची नोंद घेऊन फवारणीच्या वेळी संरक्षक साधने वापरण्यावर भर द्यावयास हवा.

अवयवांना होणारी इजा : ‘क्रॅब’ निकष

मायलोमामुळे होणाऱ्या इजेचे चार प्रमुख प्रकार ‘क्रॅब’ या संक्षिप्त नावाने ओळखले जातात. कॅल्शियम, मूत्रपिंडे, रक्तक्षय आणि हाडे यांच्या इंग्रजी शब्दांतील आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे.

• रक्तातील कॅल्शियम प्रति डेसिलिटर ११ मिलिग्रॅमपेक्षा अधिक होणे. हाडे झिजून कॅल्शियम रक्तात उतरते. त्यामुळे अतिशय तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता व बौद्धिक गोंधळ निर्माण होतो.
• क्रिॲटिनिन प्रति डेसिलिटर २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक होणे. हलक्या साखळ्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांत अडकून त्या बंद पडतात.
• हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर १० ग्रॅमपेक्षा कमी होणे. अस्थिमज्जेत विकृत पेशींनी जागा व्यापल्याने तांबड्या पेशींची निर्मिती मंदावते.
• हाडांत छिद्रे पडणे. मणके, बरगड्या, कवटी, कटिभाग ही हाडे प्रामुख्याने पोखरली जातात.

पूर्वी यांपैकी एखादी इजा झाल्याखेरीज उपचार सुरू केले जात नसत. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने निकषांत बदल केला. प्लाझ्मा पेशी ६० टक्के किंवा अधिक असणे, हलक्या साखळ्यांचे परस्पर प्रमाण १०० किंवा त्याहून अधिक होणे, अथवा एमआरआय तपासणीत हाडांतील एकाहून अधिक विकृत ठिकाणे दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास इजेची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असे ठरले. रोगाने हानी करण्यापूर्वीच त्याला अटकाव करणे, हे या बदलामागील सूत्र होय.

निदान का लांबते?

या रोगाची लक्षणे अत्यंत सामान्य असतात. पाठदुखी, थकवा, रक्तक्षय आणि वारंवार होणारा संसर्ग या तक्रारी भारतात कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात दररोज ऐकू येतात. प्रत्येक तक्रारीला सहज पटणारे दुसरे कारणही उपलब्ध असते.

समजा, ५८ वर्षांचा एक शेतमजूर तीन महिन्यांच्या पाठदुखीसाठी डॉक्टरांकडे येतो. श्रमाचे काम असल्याने वेदनाशामक गोळ्या दिल्या जातात. हिमोग्लोबिन कमी निघते म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. ईएसआर खूप वाढलेला दिसतो आणि मणक्याच्या क्ष-किरण चित्रात झीज दिसते, म्हणून मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेतली जाते. यांतील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिल्यास चुकीचा वाटत नाही. परंतु पाठदुखी, रक्तक्षय आणि वाढलेला ईएसआर ही तीनही चिन्हे एकाच रुग्णात एकत्र आली आहेत, याकडे दुर्लक्ष झाले की मायलोमाचे निदान अनेक महिने मागे पडते. त्या काळात घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांना अधिक इजा करतात. मणका खचून मेरुरज्जूवर दाब आल्यास दोन्ही पाय लुळे पडू शकतात.

क्षयरोगाचे निदान शक्यतो जंतूंच्या किंवा ऊतींच्या तपासणीने पक्के करावे, या आग्रहाचे महत्त्व येथे दिसून येते. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात क्षयाची शंका घेणे योग्यच आहे. मात्र पुराव्यावाचून सुरू केलेल्या उपचारांनी अपेक्षित सुधारणा होत नसेल, तर निदानाचा फेरविचार झालाच पाहिजे.

सामान्य डॉक्टरांसाठी निदानाचा क्रम

विशेष म्हणजे या रोगाची शंका पक्की करणाऱ्या प्राथमिक तपासण्या महाग नाहीत. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तीला सहा आठवड्यांहून अधिक काळ पाठ किंवा बरगड्या दुखत असतील, कारण न समजणारा रक्तक्षय असेल, मूत्रपिंडांचे कार्य अचानक घटले असेल अथवा न्यूमोनिया वारंवार होत असेल, तर पुढील तपासण्या कराव्यात.

पहिल्या टप्प्यात संपूर्ण रक्तगणना व रक्ताच्या काचपट्टीची पाहणी, ईएसआर, क्रिॲटिनिन, कॅल्शियम, एकूण प्रथिने व अल्ब्युमिन, लघवीची तपासणी आणि दुखऱ्या भागाचे क्ष-किरण चित्र यांचा समावेश होतो. काचपट्टीवर तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसल्या, तर रक्तातील प्रथिने वाढल्याचा तो संकेत असतो. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केल्यावर उरणारा आकडा ४ ग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ग्लोब्युलिन वाढल्याचे समजावे. अल्ब्युमिन कमी असल्यास कॅल्शियमचे मोजमाप प्रत्यक्षापेक्षा कमी येते. म्हणून अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके ग्रॅम कमी असेल, त्या प्रत्येक ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवावेत.

येथे काही फसव्या जागा आहेत. लघवीच्या तपासणीची नेहमीची रंगपट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखवते. हलक्या साखळ्या तिला सापडत नाहीत. त्यामुळे पट्टीवर प्रथिन नसले तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. सल्फोसॅलिसिलिक आम्लाची साधी चाचणी मात्र दोन्ही प्रकारची प्रथिने दाखवते. पट्टीवर प्रथिन नाही पण आम्लाच्या चाचणीत आहे, अशी विसंगती दिसल्यास हलक्या साखळ्यांची दाट शंका घ्यावी. क्ष-किरण चित्रात हाडांतील छिद्र दिसण्यासाठी त्या जागेचे सुमारे ३० टक्के किंवा अधिक खनिज नष्ट व्हावे लागते. म्हणून निर्दोष चित्रही खात्री देत नाही. शिवाय मायलोमात नवे हाड तयार होण्याची प्रक्रिया थंडावलेली असल्याने अल्कलाइन फॉस्फेटेजचे प्रमाण बहुधा प्राकृत राहते.

दुसऱ्या टप्प्यात रक्तद्रवाचे इलेक्ट्रोफोरेसिस, एम-प्रथिनाचा वर्ग ठरवणारे इम्युनोफिक्सेशन आणि सुट्या हलक्या साखळ्यांचे मोजमाप या तपासण्या येतात. सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत विकृत पेशी केवळ हलक्या साखळ्या तयार करतात. अशा वेळी एकट्या इलेक्ट्रोफोरेसिसवर विसंबल्यास रोग निसटू शकतो. कॅपा व लॅम्डा यांचे प्राकृत प्रमाण ०.२६ ते १.६५ असते, मूत्रपिंडे दुबळी असल्यास ही मर्यादा थोडी वर सरकते.

इलेक्ट्रोफोरेसिसचा आलेख वाचताना एक भेद ध्यानात घ्यावा. ग्लोब्युलिनच्या पट्ट्यात रुंद, घुमटासारखा उंचवटा असेल तर वाढ बहुवंशी असते. ती यकृताचे जुनाट विकार, क्षयरोग, एचआयव्ही, काळा आजार अशा रोगांत दिसते. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि उत्तर प्रदेशाच्या काही भागांत दीर्घकाळ ठाण मांडलेल्या काळ्या आजारात ग्लोब्युलिन इतके वाढते की, नेपियर यांची जुनी अल्डिहाइड चाचणी याच वाढीवर आधारलेली होती. याउलट आलेखात मनोऱ्यासारखे अरुंद, टोकदार शिखर दिसले तर वाढ एकवंशी समजावी व रुग्णाला रक्तरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. अस्थिमज्जा परीक्षण, सीटी किंवा एमआरआय या पुढील तपासण्या तेथे होतात.

एमजीयूएस : उपचार नव्हे, देखरेख

निदान चुकण्याइतकाच दुसरा धोका अतिनिदानाचा आहे. आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये योगायोगाने एम-प्रथिन सापडलेल्या व्यक्तीला कर्करोग झाल्याचे सांगणे अन्यायकारक ठरते. एमजीयूएसला औषधोपचाराची गरज नसते. गरज असते ती धोका ओळखून नियमित देखरेख करण्याची.

एम-प्रथिन १.५ ग्रॅमपेक्षा कमी, वर्ग आयजीजी आणि हलक्या साखळ्यांचे प्रमाण प्राकृत, अशी स्थिती असल्यास धोका अल्प समजला जातो. अशा व्यक्तींमध्ये २० वर्षांत रोगात रूपांतर होण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. तीनही घटक प्रतिकूल असल्यास ती ५८ टक्क्यांपर्यंत जाते. निदानानंतर सहा महिन्यांनी सर्वांचीच फेरतपासणी करावी. त्यानंतर अल्प धोक्याच्या व्यक्तींची दोन-तीन वर्षांतून एकदा व इतरांची वर्षातून एकदा तपासणी पुरेशी होते. एम-प्रथिन, रक्तगणना, क्रिॲटिनिन व कॅल्शियम या चार गोष्टी पाहाव्यात. हे काम सामान्य डॉक्टर उत्तम प्रकारे करू शकतात. मात्र लघवीतून प्रथिन जाणे, हातापायांना बधिरता, हृदयाच्या अशक्तपणाची चिन्हे किंवा वजनात घट दिसल्यास तज्ज्ञांचा सल्ला विनाविलंब घ्यावा.

सर्व ज्येष्ठ नागरिकांची या विकारासाठी सरसकट चाचणी करावी काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आइसलँडमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात ४० वर्षांवरील ८० हजारांहून अधिक नागरिकांनी याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सहभाग घेतला. अशा सार्वत्रिक चाचणीची शिफारस अद्याप करण्यात आलेली नाही. भारतातील असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची लोकसंख्याधारित चाचणी केली जाते. कारण त्यांचे प्रमाण मोठे आहे आणि लवकर उपचारांचा लाभ सिद्ध झालेला आहे. मोनोक्लोनल विकारांबाबत सर्वांची चाचणी करण्यापेक्षा लक्षणे असलेल्यांची वेळेवर तपासणी करणे, हाच आजचा व्यवहार्य मार्ग होय.

उपचारांतील प्रगती

१९९० च्या दशकापर्यंत मायलोमाच्या रुग्णाचे निदानानंतरचे आयुष्य सरासरी तीन वर्षांच्या आसपास असे. १९९९ मध्ये थॅलिडोमाइड या औषधाची उपयुक्तता सिद्ध झाली आणि चित्र पालटू लागले. गर्भवतींनी घेतल्यामुळे नवजात बालकांत व्यंगे निर्माण झाल्याने १९६१ मध्ये बाजारातून मागे घेतलेले हेच औषध पुढे कुष्ठरोगातील तीव्र प्रतिक्रियेवर उपयोगी ठरले होते. त्यानंतर २००३ मध्ये बोर्टेझोमिब, २००६ मध्ये लेनालिडोमाइड आणि २०१५ मध्ये डॅराट्युमुमॅब यांना अमेरिकेत मायलोमासाठी मान्यता मिळाली. यांतील शेवटचे औषध स्वतःच प्रयोगशाळेत तयार केलेले एकवंशी प्रतिपिंड आहे. अशी प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मायलोमाच्याच पेशी वापरून शोधले होते.

आज अनेक औषधांच्या संयोगाने प्रारंभिक उपचार केले जातात. प्रकृती साथ देणाऱ्या रुग्णांत त्यांच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण करून नंतर लेनालिडोमाइडने रोग दबवून ठेवला जातो. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. आज ही सोय देशातील अनेक शहरांत उपलब्ध आहे. मायलोमा पूर्णपणे बरा होण्याची उदाहरणे अजूनही मोजकीच असली, तरी अनेक रुग्ण दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ कामकाज करीत जगतात.

तज्ज्ञांचे उपचार सुरू झाल्यावरही गावातील डॉक्टरांची भूमिका संपत नाही. त्यांनी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• मूत्रपिंडांना घातक वेदनाशामके टाळावीत. रुग्णाने पुरेसे पाणी प्यावे.
• ताप आल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा. फ्लू व न्यूमोकोकल लस द्यावी. जिवंत जंतूंच्या लसी टाळाव्यात.
• थॅलिडोमाइड व लेनालिडोमाइड घेणाऱ्यांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एका पायाला आलेली सूज गंभीरपणे घ्यावी. गर्भधारणेच्या काळात ही औषधे सर्वथा वर्ज्य आहेत.
• हाडे बळकट करणारी झोलेड्रॉनिक आम्लाची इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी दातांची तपासणी करून घ्यावी.
• पायांतील शक्ती अचानक कमी होणे किंवा लघवीवरील ताबा जाणे हे मेरुरज्जूवरील दाबाचे लक्षण असून रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचवावे.

धोरणात्मक चौकट

भारतात राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५ मध्ये सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला. २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठी एकत्रित राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याची व्याप्ती वाढवून २०२३ मध्ये त्याला असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण राष्ट्रीय कार्यक्रम असे नाव देण्यात आले. २०१२ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय कर्करोग ग्रिड देशातील कर्करोग केंद्रांना समान उपचारपद्धती आणि औषधांच्या सामूहिक खरेदीसाठी एकत्र आणते.

औषधांच्या उपलब्धतेच्या दृष्टीने जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड व थॅलिडोमाइड यांचा मायलोमासाठी अत्यावश्यक औषधांच्या सूचीत समावेश केला. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत लेनालिडोमाइडचा अंतर्भाव झाला. या सूचीतील औषधांच्या किमतींवर शासनाचे नियंत्रण असते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, या योजनेत सामावून घेण्यात आले. प्रामुख्याने उतारवयात होणाऱ्या या रोगाच्या रुग्णांना हा निर्णय विशेष उपकारक आहे. मात्र भारतातील अनेक मायलोमा रुग्ण पन्नाशी-साठीतच असल्याने केवळ वयाधारित संरक्षणावर त्यांना अवलंबून राहता येत नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची व त्यांपैकी २०० केंद्रे त्याच वर्षी सुरू करण्याची घोषणा करण्यात आली. बोर्टेझोमिब त्वचेखाली टोचता येते आणि रुग्णाला दाखल करून घ्यावे लागत नाही. त्यामुळे दर आठवड्याला महानगराची वारी करण्याऐवजी जिल्ह्यातच इंजेक्शन मिळाल्यास प्रवासखर्च व बुडणारी मजुरी या दोन्हींची बचत होऊ शकते.

समारोप

मोनोक्लोनल रक्तविकारांच्या बाबतीत औषधे, योजना आणि तज्ज्ञ केंद्रे यांची साखळी हळूहळू पूर्ण होत आहे. तिचा कच्चा दुवा निदानाच्या पहिल्या पायरीवर आहे. इलेक्ट्रोफोरेसिसची सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचणे, तालुक्यातून नमुने पाठवण्याची व्यवस्था असणे, ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यक सेवेतून रक्तरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळणे आणि डॉक्टरांच्या पुनर्प्रशिक्षणात या विषयाला स्थान लाभणे, हे चार उपाय त्यासाठी उपयुक्त ठरतील. १८४५ मधील त्या दोन डॉक्टरांपाशी इलेक्ट्रोफोरेसिस नव्हते, एमआरआय नव्हता. हाडे दुखणाऱ्या रुग्णाची लघवी तापवून पाहण्याची जिज्ञासा तेवढी होती. न हटणारी पाठदुखी आणि न भरून येणारा रक्तक्षय एकाच रुग्णात दिसल्यावर एकूण प्रथिने, कॅल्शियम व क्रिॲटिनिन तपासून पाहणे, एवढी जिज्ञासा प्रत्येक दवाखान्यात रुजली, तर अनेक रुग्णांची मूत्रपिंडे वाचतील आणि अनेक जण आपल्या पायांवर चालत उपचारांपर्यंत पोहोचतील.